चिमूटभर लोह

बद्रीनाथ हिवाळेला पडद्यावर पान हवं होतं आणि पडद्यावर डमरू येत होता. दुःख एवढंच, पण ते तीन वर्षं टिकलं होतं.

पान म्हणजे खायचं नव्हे. बेरियम टायटेनेट नावाची पांढरी भुकटी घोटायची, दाबायची, भट्टीत भाजून रुपयाएवढी टिकली करायची, तिच्या दोन्ही अंगांना चांदीचा लेप लावायचा आणि तिला विजेचा दाब द्यायचा. टिकलीच्या आत अणूंचे छोटे छोटे मोहल्ले असतात. शास्त्रात त्यांना डोमेन म्हणतात. एका मोहल्ल्यातल्या सगळ्यांची तोंडं एका दिशेला. दाब दिला की ती फिरतात, उलटा दिला की उलटी फिरतात, आणि दाब काढून घेतला तरी बरीचशी फिरलेलीच राहतात. या फिरण्याचा आलेख काढला की मधे भरदार आणि दोन्ही टोकांना निमुळतं असं पान उमटतं. त्याला लूप म्हणायचं. पुस्तकात ते असतं. मार्गदर्शकांच्या स्वतःच्या जुन्या प्रबंधात ते होतं. फक्त बद्रीनाथच्या टिकलीत नव्हतं. त्याची आकृती दोन्हीकडे फुगायची आणि बरोब्बर मध्यावर, दाब शून्य असतो तिथं, कुणीतरी कमरेला चिमटा घेतल्यासारखी आवळायची. म्हणजे मोहल्ला दाबाखाली फिरत होता आणि दाब निघाला की मुकाट्यानं होता तिथं परत जात होता.

“हे काय आणलंस हिवाळे?” विभागप्रमुख आणि मार्गदर्शक डॉ. काकासाहेब निंभोरे दर वेळी विचारायचे.

“लूप आहे सर.”

“हा डमरू आहे. महाशिवरात्रीला आण. पावडर अशुद्ध आहे तुझी. टिकल्या बघ, खारी बिस्किटासारख्या दिसायल्यात. पांढऱ्या नकोत?”

“भट्टीच्या विटांमुळं रंग येत असेल सर.”

“भट्टी माझ्या गुरूंच्या काळची आहे. तिला बोलायचं नाही.”

गोष्ट दोन हजार सहा सालची. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि भारनियमनामुळं वीज दुपारी दोनला जायची ती मनात येईल तेव्हा यायची. बद्रीनाथ एकोणचाळीस वर्षांचा होता. सकाळी पुंडलिकनगरातून निघून लासूर स्टेशनच्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर शिकवायचा आणि दुपारी विद्यापीठात येऊन डमरू काढायचा. अकरा वर्षं तो त्या कॉलेजात ‘तात्पुरता’ होता. आता तिथं कायमची एक जागा निघाली होती. मुलाखत जूनमध्ये, अट पीएच.डी.ची, निदान प्रबंध सादर केल्याच्या पावतीची. आणि काकासाहेब निवृत्त होणार होते एकतीस मेला. त्याआधी प्रबंधावर त्यांची सही झाली तर झाली. नाही झाली तर नवा मार्गदर्शक शोधायचा, आणि नवा मार्गदर्शक नेमणारी समिती शेवटची कधी बसली होती हे समितीतल्या लोकांनाही आठवत नव्हतं.

काकासाहेबांचं म्हणणं साफ होतं. प्रबंधाच्या नोंदवलेल्या नावात ‘शुद्ध बेरियम टायटेनेट’ असे शब्द आहेत. शुद्ध म्हणजे पान. पान आण, सही घे.

लूप काढायचं यंत्र गयासभाईंच्या ताब्यात होतं. गयास शेख हे विभागातले तंत्रज्ञ. शहागंजात त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळं यंत्राला झाकण असतं ते उघडण्यासाठीच, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या टेबलावर यंत्र, यंत्राशेजारी चांदीचा लेप वाळवायची हॉट प्लेट आणि हॉट प्लेटच्या वर भिंतीवर एक पाटी होती: ‘हॉट प्लेटवर खाद्यपदार्थ गरम करण्यास सक्त मनाई आहे. – विभागप्रमुख’. पाटीच्या खिळ्याला गयासभाई आपला रुमाल अडकवायचे. त्यामुळं पाटीतला ‘मनाई’ हा शब्द सहसा झाकलेला असे.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी बद्रीनाथ धावतपळत आला. यंत्रावर त्याचा नंबर दीड महिन्यानं लागला होता आणि दोनला लाइट जाणार होती. सतरा नंबरच्या टिकलीला लेपाचा आणखी एक हात देऊन, ती स्टीलच्या छोट्या ताटलीत घालून प्लेटवर वाळायला ठेवून तो खाली वही आणायला गेला होता. परत आला तर प्लेटवर ताटली नव्हती. तीन कप्प्यांचा डबा होता.

“गयासभाई, माझी सतरा नंबर?”

“कौनसी सतरा?”

“टिकली हो. इथं ताटलीत ठेवलेली.”

गयासभाईंनी डबा उचलला. डब्याच्या बुडाखाली ताटली होती. “ये क्या? मला वाटलं, डबा हलू नये म्हणून कुणीतरी ठेवलं.”

“तुमी बटण फुल केलंय! दोनशे अंशाच्या वर गेली असंल ही!”

“तो क्या करूं? वहिदानं रोट्या सकाळी सहाला बांधल्या. लोखंडासारख्या झाल्या. अन् दोनला लाइट जातीय. लाइटला सांगू का, बाई थांब, माझं जेवण व्हायचंय?”

बद्रीनाथला रडावं की ओरडावं ते कळेना. दीड महिना नंबराची वाट पाहिलेली टिकली मेथीच्या भाजीखाली भाजून निघाली होती. त्यानं ती चिमट्यानं उचलली आणि घाईत दगडी ओट्यावर टाकली. ती क्षणात गार झाली. तडा गेला नाही हेच नवल.

“अब लगाव भी,” गयासभाई म्हणाले. “वीस मिनिटं हायेत. मेली तर मेली.”

तेलाच्या भांड्यात टिकली बसवली. दाब वाढवला. हिरव्या पडद्यावर रेघ थरथरली, वळली, परत आली आणि पान उमटलं. मधे भरदार, टोकांना निमुळतं. कमरेला चिमटा नाही. पुस्तकातल्यापेक्षा गुटगुटीत.

मग बद्रीनाथ पुटपुटला, “प्रिंट काढा.”

गयासभाईंनी प्रिंटरचं बटण दाबलं आणि लाइट गेली.

काकासाहेबांसमोरचं संभाषण फार लांबलं नाही.

“पान आलं सर.”

“दाखव.”

“गेलं सर.”

“कुठं गेलं?”

“लाइट गेली सर.”

काकासाहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. लासूरपासून इथपर्यंत रोज उन्हात येणाऱ्या माणसाकडं बघावं तसं, काळजीनं.

नंतर महाशिवरात्र आली, शनिवार-रविवार आले, यंत्राचा फ्यूज उडाला. आठ दिवसांनी गयासभाईंनी नंबराबाहेर तीच टिकली लावली तर पानाची कंबर जरा आत गेलेली. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा डमरू. बद्रीनाथनं डोकं धरलं. पण गयासभाई रेडिओवाल्यांच्या घरातले. चालू असलेलं बंद का पडलं, यापेक्षा बंद पडलेलं मधेच चालू कसं झालं याचा त्यांना जास्त राग यायचा. त्यांनी टिकली पुन्हा डब्याखाली ठेवली, रोट्या खाऊन झाल्यावर ओट्यावर टाकली आणि यंत्रात घातली. पान! या वेळी प्रिंटही निघाली, पण तीन आठवड्यांत डमरू होणारं पान सरांपुढं नेऊन उपयोग नव्हता.

“ताजी ताजी बरोबर फिरतीय,” ते म्हणाले. “शिळी झाली की चिमटती. बद्रीभाऊ, ये किरायेदार का मामला है.”

“कसला किरायेदार?”

“हे बघा. नवा किरायेदार आला. त्याला म्हणलं, खाट इकडं कर, करतो. तिकडं कर, करतो. तोच जर पाच साल राहिला, तर तुमी कितीबी ओरडा, तुमच्यासमोर खाट फिरवंल अन् तुमची पाठ वळली की परत आपल्या जागी! तुमच्या टिकलीत कुणीतरी जुना बसलाय. गरम केलं की सगळा मोहल्ला उठून पळतो. गार झाला की येतो, पण नव्यानं येतो. पुराना होईपर्यंत ऐकतो.”

बद्रीनाथला राग आला, कारण हे बरोबर होतं. एकशेवीस-तीस अंशांच्या वर बेरियम टायटेनेटचे मोहल्ले मोडतात हे तो वर्गात शिकवायचा. आणि जुना किरायेदार म्हणजे दोष. स्फटिकात टायटेनियमच्या जागेवर दुसराच कुणीतरी येऊन बसलेला, त्याच्या शेजारची ऑक्सिजनची जागा रिकामी. या जोडीचा एक बारीक बाण होतो. तो दिवसा-दिवसानं मोहल्ल्याच्या दिशेला वळून बसतो, आणि एकदा बसला की मोहल्ल्याला फिरू दिलं तरी टिकू देत नाही. हे सगळं त्यानं तीन वेळा वाचलं होतं. फक्त ते आपल्या टिकलीत असेल असं त्याला वाटलं नव्हतं, कारण त्याच्या प्रबंधाच्या नावात ‘शुद्ध’ होतं.

त्यानं एक टिकली मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. मार्चच्या अखेरीस पाकीट आलं. लोह: अर्धा टक्का. कॅल्शियम: किंचित.

पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांत त्यानं तो कागद तीनदा वाचला. लोह आलं कुठून? खल अगेट दगडाचा, डबे प्लास्टिकचे, चमचाही काचेचा. बायको आशा तांदूळ निवडत होती.

“काय झालं? मार्क कमी पडले का?”

“लोह निघालंय टिकलीत. तीन वर्षं लोह निघायलंय अन् मला माहीत नाय.”

“लोह म्हंजी लोखंडच ना? गेरूत असतंय तसं?”

“तसंच. पण गेरू येईल कुठून लॅबमध्ये?”

आशानं ताट खाली ठेवलं. “कुंकू नाय का तुमच्या सरांचं? दरसाल खंडेनवमीला पुडी देतेत ती. मी एकदा लावलं तर आठ दिवस कपाळ खाजलं. निव्वळ गेरू असतोय त्या स्वस्तातल्या कुंकवात, वर जरा हळद अन् चुना. मी तवाच म्हणलं होतं तुमाला.”

बद्रीनाथला ती खंडेनवमी आठवली आणि तो उठून उभा राहिला.

सगळ्या टिकल्या एकाच भुकटीच्या असाव्यात, म्हणजे तुलना करता येते, असा काकासाहेबांचाच दंडक होता. म्हणून तीन वर्षांपूर्वी बद्रीनाथनं साठ ग्रॅम भुकटी एकदमच घोटायला घेतली होती. ती अर्धी घोटून होतेय तोवर काकासाहेब करंडा घेऊन आले. “थांबव रे. यंत्रपूजा आहे.” दाबयंत्र, साचे, तराजू, भट्टी, सगळी अवजारं ओळीनं मांडली गेली. खल हे अवजारच, त्यामुळं भुकटीसकट खलही ओळीत बसला. काकासाहेबांनी तीन बोटांत कुंकू घेतलं आणि प्रत्येक अवजारावर वाहिलं. खलाच्या वेळी ते काठावर पडायचं ते आत पडलं.

“सर, आत पडलं.”

“पडू दे. यश येईल.”

आशीर्वाद चमच्यानं काढून टाकणं बरं दिसेना. सरांची पाठ वळल्यावर बद्रीनाथनं वरचं लाल तेवढं, दुधावरची साय काढावी तसं काढलं. काढता आलं तेवढं काढलं. जे राहिलं ते त्यानं पुढचे चार तास, नियमाप्रमाणे, पूर्ण एकजीव होईपर्यंत घोटलं. आयुष्यात इतकं मन लावून त्यानं दुसरं काही घोटलं नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी तो अहवाल घेऊन काकासाहेबांच्या खोलीत गेला. काकासाहेबांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“लोह! मी तीन वर्षं काय सांगतोय? पावडर अशुद्ध, पावडर अशुद्ध! ऐकतोस का? आता सांग, आलं कुठून हे? गंजलेला चमचा वापरला असशील.”

“नाही सर.”

“मग घरच्या खलबत्त्यात कुटलंस?”

“नाही सर.”

“मग काय आकाशातून पडलं?”

“साधारण तसंच सर,” बद्रीनाथ म्हणाला, आणि मग त्याचा बांध फुटला. “वरूनच पडलं. खंडेनवमीला. तुमच्या हातून. कुंकवात गेरू होता. मी म्हणलो होतो आत पडलं, तुम्ही म्हणाले पडू दे.”

काकासाहेबांनी कागद उलटा केला. मागं काही नव्हतं. पुन्हा सुलटा केला.

“तो करंडा माझ्या आईचा आहे,” ते म्हणाले.

“करंड्यात लोह नाही सर. तो पितळी आहे.”

“जा तू.”

बद्रीनाथ पायऱ्या उतरताना मनातल्या मनात लासूरच्या मुलाखतीला हात जोडून बाहेर पडला. तीन वर्षांत एकदाच खरं बोललो आणि तेही सहीच्या आधी, असं त्याला वाटलं. शहाणी माणसं सही झाल्यावर बोलतात.

तिसऱ्या दिवशी काकासाहेबांचा निरोप आला. बद्रीनाथ गेला तर ते प्रसन्न होते आणि समोर चहाचे दोन कप होते. दुसरा कप बद्रीनाथसाठी असण्याची ही पहिलीच वेळ होती.

“हिवाळे, डोपिंग म्हणजे काय?”

“शुद्ध पदार्थात मोजून अशुद्धी घालणं सर.”

“का घालतात?”

“दोषांचा परिणाम बघायला.”

“बरोबर. म्हणून मी ते घातलं.”

“काय सर?”

“लोह. मुद्दाम घातलं. तुला सांगितलं असतं तर तू पूर्वग्रहानं काम केलं असतंस.”

बद्रीनाथनं कप खाली ठेवला. “मग सर, तीन वर्षं तुम्ही मला पान आण, पान आण म्हणत होता ते?”

“ती परीक्षा होती.”

“अन् मोजलं कशानं?”

काकासाहेबांनी तीन बोटं जुळवून वर धरली. “छत्तीस वर्षांचा हात आहे हा. तराजू चुकेल.”

बद्रीनाथनं कप पुन्हा उचलला आणि तेच बरं झालं, कारण पुढचं सगळं विलक्षण वेगानं झालं. प्रबंधाचं नाव बदलायचं ठरलं: ‘बेरियम टायटेनेटमधील डोमेन-परिवर्तनावर स्फटिकदोषांचा परिणाम’. नावबदलालाही तीच समिती लागते. कधीच न बसणारी समिती त्याच दुपारी चार वाजता काकासाहेबांच्या खोलीत बसली, सव्वाचारला उठली आणि नमकीन संपवून गेली. हे होऊ शकत होतं! तीन वर्षं हे कधीही होऊ शकत होतं!

“फक्त एक राहिलं,” काकासाहेब म्हणाले. “परीक्षक विचारतील, पुन्हा करून दाखवता येतं का? तेव्हा दुसरी बॅच घे. चिमूट मीच टाकणार.”

“सर, दिवस किती राहिलेत? घोटणं, भाजणं, पुन्हा घोटणं यात दोन आठवडे. मग जुनं व्हायला तीन आठवडे. त्यात भट्टी चालू असताना लाइट गेली तर—”

“मग आजच घोटायला बस.”

बद्रीनाथ बसला. भुकटी अर्धी घोटून झाल्यावर काकासाहेब आले. या वेळी पाच-सहा विद्यार्थी मुद्दाम बोलावले होते, कारण हा प्रयोग होता. आईच्या करंड्यातलं कुंकू संपलं होतं. सुनेनं नवी पुडी दिली होती. काकासाहेबांनी बाही वर केली, पुडीत तीन बोटं घातली, क्षणभर डोळे मिटले आणि खलात चिमूट सोडली. दुधावरची सायही नियमाप्रमाणे काढण्यात आली, मागच्या वेळी काढली होती म्हणून.

रविवारी भारनियमन नसायचं. सलग दोन रविवार बद्रीनाथ भट्टीपाशी बसून राहिला. टिकल्या निघाल्या. मे उजाडला तेव्हा त्यानं पहिली टिकली गयासभाईंकडं दिली.

पान.

“ताजी आहे,” बद्रीनाथ म्हणाला. “थांबू.”

आठ दिवसांनी पान. पंधरा दिवसांनी पान. अठ्ठावीस मेला, उन्हानं यंत्राची खोलीच भट्टी झालेली असताना, टिकलीनं पडद्यावर असं देखणं, गुबगुबीत पान काढलं की गयासभाईंनी माशाल्ला म्हणून कानाला हात लावला. टिकली पांढरीशुभ्र होती. ज्या पानासाठी तीन वर्षं त्यानं शिव्या खाल्ल्या होत्या ते पान आता हटायला तयार नव्हतं. आणि आता हवा होता डमरू.

“सुनेनं दिलेली पुडी बघितली का?” गयासभाईंनी विचारलं. कचऱ्याच्या टोपलीतून त्यांनी रिकामी पुडी काढून दाखवली. वर छापलं होतं: ‘शंभर टक्के शुद्ध हळदीपासून. भेसळ नाही.’

हळद भट्टीत जळून गेली होती. मागं लोह असं काही राहिलंच नव्हतं.

पुडी आणि जुना डमरू, नवं पान अशा दोन्ही प्रिंट घेऊन बद्रीनाथ काकासाहेबांच्या खोलीत गेला. खोलीतली कपाटं रिकामी होत होती, खोकी भरत होती. काकासाहेबांनी पानाकडे पाहिलं.

“चिमटलं नाही?”

“नाही सर.”

“तीन आठवडे झाले?”

“झाले सर.”

“मग तू घोटताना काहीतरी—”

“सर!” बद्रीनाथचा आवाज इतका चढला की बाहेर खोकी बांधणारा माणूस दोरी धरून थांबला. “घोटणारा मीच, खल तोच, भट्टी तीच, टाकणारे तुम्हीच, सायसुद्धा मोजून तेवढीच काढली. पहिल्या कुंकवात गेरू होता, दुसऱ्यात नाही. बाकी काहीही बदललेलं नाही! काहीही—”

तो मधेच थांबला. स्वतःचंच बोलणं त्याला उशिरा ऐकू आलं होतं.

“काय झालं?” काकासाहेब म्हणाले.

“सर, बाकी काहीच बदललेलं नाही,” बद्रीनाथ हळूच म्हणाला. “एक बॅच दोषाची. एक बिनदोषाची. हेच पाहिजे होतं. पहिली आवळती, तापवली की मोकळी होती, पुन्हा आवळती. दुसरी आवळतच नाही. म्हणजे आवळणारं लोहच. हे लिहिलं की झालं. पण मग कुंकवाचं लिहावं लागंल. दोन्ही कुंकवांचं. खरं-खरं.”

एवढं बोलून त्यानं पुडी टेबलावर ठेवली. आता सर म्हणणार, मुद्दाम टाकलं होतं तेच राहू दे. आणि तसं लिहिलं तर कुठलाही परीक्षक एका मिनिटात विचारणार, मुद्दाम टाकणाऱ्याला दुसऱ्यांदा का जमलं नाही? काकासाहेबांनी पुडी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. शंभर टक्के. भेसळ नाही.

“म्हणजे चिमूट बरोबर होती,” ते शेवटी म्हणाले.

“सर?”

“दोन्ही वेळा. चिमूट तंतोतंत तीच. चुकलं ते कुंकू.”

“हो सर. कुंकूच.”

“मग तसं स्पष्ट लिही. नाहीतर लोक म्हणतील, निंभोऱ्यांचा हात थरथरायला लागला. लिही: पहिलं कुंकू पैठणच्या जत्रेतलं, गेरूमिश्रित. दुसरं शुद्ध. आणि ते ‘मुद्दाम’ काढून टाक. मुद्दाम म्हटलं की कुंकू ओळखता आलं नाही असं होतं.”

बद्रीनाथनं ते तिथंच उभ्या उभ्या लिहून घेतलं. खरं लिहायला परवानगी अशा बाजूनं येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

एकतीस मेला साडेतीन वाजता बांधलेला प्रबंध काकासाहेबांच्या टेबलावर होता. पाच वाजता खाली निरोप समारंभ. हार आलेले होते आणि उकाड्यानं माना टाकत होते. प्रबंध जमा करून घेणारी विद्यापीठाची खिडकीही पाचलाच बंद व्हायची. बद्रीनाथ टेबलापाशी उभा, गयासभाई दाराशी. गयासभाईंनी दोन दिवसांपूर्वीच हात जोडून सांगितलं होतं, “आभारात माझं नाव टाकू नका. हॉट प्लेटचं निघालं तर डब्याचं निघंल. ती पाटी आहे ना भिंतीवर!” त्यामुळं ज्या माणसानं शोध लावला त्याचं नाव प्रबंधात नव्हतं. ‘एक नमुना अपघाताने दोनशे अंशांपर्यंत तापला’ एवढंच वाक्य होतं.

काकासाहेब नेमके त्याच पानावर थांबले.

“अपघातानं म्हणजे?”

“लेप वाळत होता सर.”

“लेप दीडशेला वाळतो. दोनशे कुणी केलं?”

गयासभाईंनी छताच्या पंख्याकडं पाहिलं. पंखा त्याच क्षणी मंदावत थांबला. तासाभरापूर्वी आलेली लाइट पुन्हा गेली होती.

“वार कोणता होता?” काकासाहेबांनी अंधुक उजेडात विचारलं.

“गुरुवार सर.”

“मग मेथी होती.”

गयासभाई दारातून अर्धं पाऊल मागं सरकले.

“वीस वर्षं माझी खोली तुझ्या वरच आहे गयास,” काकासाहेब म्हणाले. “गुरुवारी मेथी, मंगळवारी अंबाडी. मी घरची पोळी थंड खातो आणि खालून वास येतो. पाटी वाचायला येते ना तुला?”

“येते सर.”

“मग त्यावर रुमाल कशाला टाकतोस? नीट दिसू दे. नवीन साहेब येतील, त्यांना वाटायला हवं, विभागात शिस्त होती.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं, प्रबंध खिडकीच्या उजेडाकडं ओढला आणि आभाराच्या पानावर, अगदी तळाला, आपल्या हातानं ‘श्री. गयास शेख, तंत्रज्ञ’ असं लिहिलं. मग पान उलटून सही केली. सही नेहमीसारखीच लफ्फेदार होती. हात थरथरला नव्हता.

बद्रीनाथ प्रबंध घेऊन धावला. पाचला दहा मिनिटं कमी असताना त्यानं तो खिडकीतून आत सरकवला. लिपिकानं नाव वाचलं आणि भुवया वर केल्या.

“नावातच दोष लिहिलाय की हो.”

“समितीनं पास केलंय,” बद्रीनाथ म्हणाला. “शिक्का मारा. शिक्क्याला लाइट लागत नाय.”